ॲलव्होर्डच्या वाळवंटात मुक्काम: पाणी, वाट आणि परतीचा हिशेब

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात हार्नी काउंटी आहे. क्षेत्रफळ गोव्याच्या सातपट आणि वस्ती साडेसात हजारांच्या आसपास. त्यातली निम्मी-अधिक माणसं बर्न्स आणि हाइन्स या दोन लागून असलेल्या गावांत राहतात. बाकी सगळा सेजब्रश नावाच्या खुरट्या झुडपांचा माळ, लाव्हाचे कडे, गायींची कुरणं आणि स्टीन्स पर्वताच्या पायथ्याशी पसरलेलं ॲलव्होर्डचं पांढरं वाळवंट. स्टीन्सचा माथा 9,733 फुटांवर आहे आणि खालचं वाळवंट साधारण 4,000 फुटांवर. पॅसिफिककडून येणारे ढग डोंगर पलीकडेच अडवून धरतो, म्हणून अलीकडे वर्षाकाठी जेमतेम सात इंच पाऊस पडतो.

बे एरियातली, सॅक्रामेंटोतली, पोर्टलंडची मराठी मंडळी आता इकडे यायला लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. योसेमिटीत सहा महिने आधी बुकिंग करून शेजारच्या तंबूतलं घोरणं ऐकण्यापेक्षा इथली एक रात्र किती तरी मोलाची. पण इथे नळ नाही, संडास नाही, आखून दिलेली जागा नाही, फी नाही आणि हाक मारली तर ओ द्यायला कोणी नाही. याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. इथे मदत काही तासांवर, कधीकधी एका दिवसावर असते. त्यामुळे प्रत्येक गोष्ट ठरवताना एकच प्रश्न विचारायचा: यातून परत कसं यायचं? पुढचं सगळं त्या प्रश्नाभोवतीच लिहिलं आहे.

आधी जमीन कोणाची ते बघा

पश्चिम अमेरिकेतली मोकळी दिसणारी सगळीच जमीन सरकारी नसते. आपल्याला हवी असते ती ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, म्हणजे बीएलएमची जमीन. या खात्याकडे देशभरात सुमारे 24.5 कोटी एकर जमीन आहे. तिच्यावर, मनाईचा फलक नसेल तिथे, साधारणपणे 28 दिवसांत 14 दिवस फुकट मुक्काम करता येतो. त्यानंतर तळ हलवावा लागतो. किती लांब हलवायचा हे त्या त्या कार्यालयाचा नियम ठरवतो. म्हणून निघण्यापूर्वी संबंधित जिल्हा कार्यालयाला एक फोन करायचा. ॲलव्होर्डसाठी ते बर्न्सचं कार्यालय. फोनवर तीन गोष्टी विचारा: रस्ता कोरडा आहे का, शेकोटीवर बंदी आहे का, आणि एखादा भाग बंद आहे का. तिथली माणसं आपुलकीने सांगतात आणि त्यांची माहिती इंटरनेटवरच्या कुठल्याही नकाशापेक्षा ताजी असते.

नकाशात बीएलएमची जमीन पिवळी, वनखात्याची हिरवी, राज्याची निळी आणि खाजगी पांढरी दाखवतात. हे रंग पाठ असलेले बरे. उत्तर नेवाडातून आय-80 महामार्गाने येताना नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसतील. 1862 च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंना एक आड एक चौरस मैल जमीन दिली गेली, त्याची ही खूण. त्या पट्ट्यात एका बाजूला सरकारी जमीन आणि पन्नास पावलांवर कोणाची तरी खाजगी, असं सर्रास असतं, आणि मध्ये कुंपण असेलच असं नाही. फोनमध्ये जमिनीच्या हद्दी दाखवणारं ॲप घ्या आणि तो भाग नेटवर्क असतानाच उतरवून ठेवा. शिवाय कागदी नकाशा हवाच. फोन उन्हात तापून बंद पडतो, कागद पडत नाही.

कधी जायचं

जूनचा दुसरा पंधरवडा आणि सप्टेंबर हे सगळ्यात चांगले दिवस. हिवाळ्यात आणि वसंतात वाळवंटाच्या तळात पाणी किंवा चिखल असतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन रणरणतं, आणि वणव्यांचा धूर आला तर समोरचा स्टीन्ससुद्धा दिसत नाही. ऋतू कुठलाही असो, दिवस आणि रात्र यांच्या तापमानात 30 ते 40 फॅरेनहाइटचा फरक गृहीत धरा. जूनमध्ये दुपारी टी-शर्टवर बसलेला माणूस पहाटे कानटोपी शोधतो. स्लीपिंग बॅग 20 फॅरेनहाइटची घ्या, आणि अंगाखालचा पॅड तितकाच चांगला घ्या, कारण थंडी जमिनीतून येते.

तारे बघायला जात असाल तर अमावास्येच्या आसपास जा. शेजारच्या लेक काउंटीतला ओरेगन आउटबॅक हा भाग 2024 साली आंतरराष्ट्रीय डार्क स्काय सँक्चुअरी, म्हणजे काळोख्या आकाशाचं अभयारण्य म्हणून जाहीर झाला. वायव्य नेवाडातल्या मॅसेकर रिमला हा दर्जा 2019 मध्ये मिळाला. ॲलव्होर्डचं आकाश त्यांच्याच पंक्तीतलं आहे. तळावर रंगीत दिव्यांच्या माळा लावणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्या घरीच ठेवा. डोक्याला बांधायचा लाल उजेडाचा दिवा पुरतो.

गाडी

ॲलव्होर्डपर्यंतचा मुख्य खडीचा रस्ता कोरडा असेल तर साधी एसयूव्ही जाते. अडचण असते ती टायरची. इथली खडी ज्वालामुखीच्या दगडाची आहे, धारदार आहे आणि टायरची बाजू कापते. बाजू कापली की पंक्चर किटचा उपयोग नाही. म्हणून पूर्ण मापाचा सुटा टायर हवा, डोनट म्हणजे छोटा तात्पुरता टायर नव्हे. त्यातली हवा घरीच तपासा. जॅक आणि पाना गाडीत आहेत का हे बघा, आणि अंगणात एकदा टायर बदलून बघा. जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीची फळी घ्या, नाहीतर मऊ जमिनीत जॅकच आत जातो. खडीवर 35 पीएसआयची हवा 25 ते 28 पर्यंत उतरवली की दगड कमी टोचतात आणि गाडी कमी हादरते. ती परत भरायला बारा व्होल्टचा पंप लागतो. ताशी 35 मैलांच्या वर जाऊ नका.

भाड्याची गाडी असेल तर करार वाचा. बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर जायला मनाई असते, आणि तिथे काही झालं तर विमा हात वर करतो. रोडसाइड असिस्टन्सही डांबर संपलं की बरेचदा येत नाही. टो ट्रक बोलावला तर खर्च तुमचा आणि वाट बघणंही तुमचं.

इंधनाचा नियम साधा आहे: टाकी अर्धी झाली की परत फिरायचं. बे एरियातून आय-80 ने नेवाडातलं विनेमका गाव सहा-सात तासांवर आहे. तिथे टाकी काठोकाठ भरा. पुढे यूएस 95 आणि मग 140 नंबरचा रस्ता धरून डेनायो आणि तिथून फील्ड्स, हा शंभराहून जास्त मैलांचा टप्पा आहे. फील्ड्सला एक दुकान, एक पंप आणि एक छोटं खानावळवजा हॉटेल आहे. तिथला मिल्कशेक प्रसिद्ध आहे आणि तो प्यावाच. पण तिथला पंप चालू असेल या भरवशावर विनेमका सोडू नका. बर्न्सकडून येणाऱ्यांनी बर्न्सला भरून घ्यावं.

पाणी

माणशी दिवसाला एक गॅलन हा किमान आकडा सगळीकडे सांगतात. स्वयंपाक, भांडी, हात-तोंड धुणं धरून मी दीड गॅलनचा हिशेब करतो. दोन माणसं आणि तीन दिवस म्हणजे नऊ गॅलन. त्यात दोन दिवसांचं राखीव पाणी घाला: आणखी सहा. एकूण पंधरा गॅलन, म्हणजे साधारण 57 लिटर आणि तितकेच किलो वजन. हे सगळं एका मोठ्या टाकीत भरू नका. खडीच्या रस्त्यावर एक शिवण उसवली की सगळं पाणी डिकीच्या गालिच्यात जातं. अडीच किंवा पाच गॅलनचे जाड कॅन घ्या, उभे ठेवा, पट्ट्याने बांधा. राखीव कॅन वेगळे ठेवा आणि त्यांना टेप लावून ठेवा, म्हणजे भांडी घासायला कोणी ते फोडणार नाही.

नकाशावर झरा दिसतो म्हणून पाणी कमी नेणं हा जिवाशी खेळ आहे. यातले बरेच झरे उन्हाळ्यात आटतात, काही गुरांनी तुडवलेले असतात आणि काहींत विरघळलेली खनिजं असतात, जी फिल्टरने जात नाहीत. फील्ड्सजवळच्या बोरॅक्स लेकच्या पाण्यात आर्सेनिक आहे. शिवाय जिथे पाणवठा आहे तिथे तळ टाकू नका. हरणं, रानघोडे, गुरं तिथे येतात आणि माणूस बसलेला दिसला की तहानलेलीच परत जातात. प्राण्यांची वाट अडेल अशा रीतीने पाणवठ्याच्या 100 यार्डांच्या आत मुक्काम करणं नेवाडात कायद्यानेच गुन्हा आहे.

हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही, तो जागीच वाळतो. तहान लागण्याची वाट न बघता पीत राहा. मीठ-साखरेचं पाणी किंवा कोकमाचं आगळ घालून केलेलं सरबत उत्तम. मुलांची लघवी गडद पिवळी झाली किंवा बराच वेळ झालीच नाही, तर खेळ थांबवून त्यांना सावलीत बसवा आणि थोडं थोडं पाजा.

डांबर संपण्याआधी

घरच्या किंवा मित्राच्या हाती एक कागद द्या: गाडीचा नंबर आणि रंग, कुठल्या रस्त्याने जाणार, कुठल्या भागात तळ, कधी परतणार, आणि कुठल्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर हार्नी काउंटीच्या शेरीफला कळवायचं. हा शेवटचा मुद्दा नेमका लिहा. "रविवारी संध्याकाळपर्यंत येऊ" असं मोघम लिहिलं की घरचे लोक सोमवार दुपारपर्यंत घुटमळत राहतात.

उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र न्याच. आयफोन 14 पासून पुढे आणीबाणीचा उपग्रह संदेश जातो, पण बॅटरी संपलेला फोन काही पाठवत नाही. म्हणून वेगळं यंत्र आणि पॉवर बँक. शेवटच्या नेटवर्कवर नकाशे उतरले आहेत ना हे विमान मोड लावून तपासा.

जागा निवडणं

सूर्यास्ताच्या दोन तास आधी जागेवर पोहोचा. अंधारात निवडलेली जागा सकाळी बघून पस्तावलेले लोक मी पाहिले आहेत.

आधी कोणी तळ टाकलेला, दगडांचं जुनं कडं असलेला मोकळा तुकडा शोधा आणि तिथेच थांबा. नवा तुकडा करू नका. सेजब्रशच्या मधल्या जमिनीवर काळपट, खडबडीत, किंचित फुगलेला पापुद्रा दिसेल. ती जिवंत माती आहे. शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जीवांनी ती धरून ठेवली आहे, म्हणून तिथे वाऱ्याने धूळ उडत नाही. एका टायरची खूण भरून यायला कित्येक दशकं लागतात. गाडी असलेल्या चाकोरीवरच ठेवा, आणि चालायचं तर दगडावरून, वाळूवरून किंवा कोरड्या ओढ्यातून चाला.

ओढ्यातून चाला, पण ओढ्यात झोपू नका. कोरडी पडलेली वाळूची पट्टी सपाट आणि मऊ दिसते, मोह होतो. वर स्टीन्सवर ढग फुटला तर तुमच्या डोक्यावर चांदणं असतानाही पाणी येतं. काठावर अडकलेला काटक्यांचा कचरा किती उंचीवर आहे ते बघा. मागचा लोंढा तिथपर्यंत आला होता.

वाळवंटाच्या तळावर, म्हणजे प्लायावर, गाडी नेण्याआधी उतरून पायी जा. टाचेने दाबून बघा. खाली टणक फरशी लागली आणि भेगा कोरड्या असतील तर ठीक. रंग गडद असेल, टाच रुतत असेल, किंवा आदल्या दिवशी पाऊस झाला असेल, तर पाऊल मागे घ्या. वर बोटभर कोरडी पापडी आणि खाली लोण्यासारखा चिखल असं तिथे सर्रास असतं. त्यात बसलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढायला गेलं तर दोन्ही बसतात. प्लायावर मुक्काम असताना मेघगर्जना ऐकू आली तर तंबू सोडून गाडीत बसा आणि काचा लावा. मैलोनमैल सपाट जागेत सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

तंबू आणि वारा

दुपारनंतर वारा येतो, बहुतेक वेळा पश्चिमेकडून. गाडी पश्चिमेला आडवी लावा, तंबू तिच्या आडोशाला, आणि त्याची निमुळती बाजू वाऱ्याकडे. प्लायाची जमीन इतकी कडक असते की तंबूसोबत मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून दहा-बारा इंच लांबीचे जाड लॅग स्क्रू आणा आणि पान्याने किंवा बॅटरीच्या ड्रिलने जमिनीत पिळा. निघतानाही तसेच उलटे फिरवून काढता येतात. मऊ वाळूत याच्या उलट करा: पिशवीत वाळू भरा, दोरी बांधा आणि ती पुरा. फिरायला जाताना छत्री, चांदणी, खुर्च्या मिटवून ठेवा. रिकामा तंबू उडून गेला तर तो एका मैलावर सापडतो किंवा सापडतच नाही.

इथली धूळ क्षारयुक्त आहे. ती पायांना लागून राहिली की टाचा भेगाळतात. रात्री पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पाय पुसा आणि खोबरेल तेल लावा.

स्वयंपाक

4,000 फुटांवर पाणी साधारण 96 अंश सेल्सिअसला उकळतं, साडेसहा हजार फुटांवर 93 च्या आसपास. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर रटरटली तरी कच्चीच राहते आणि गॅस संपतो. म्हणून तीन लिटरचा कुकर नेणं हे इथे चोचले नव्हेत. डाळ घरी शिजवून, गोठवून आणली तर आणखी उत्तम: शीतपेटीत ती बर्फाचंही काम करते.

चपट्या ब्यूटेनच्या डब्यांवर चालणारी शेगडी पहाटे दगा देते. ब्यूटेन गोठणबिंदूच्या जवळ वायूरूप व्हायला तयार नसतो, ज्योत मिणमिणते आणि चहा होत नाही. प्रोपेनची शेगडी घ्या.

पहिल्या रात्री पिठलं-भात करा. पीठ, कांदा, फोडणी, थोडं पाणी, पाच-सात मिनिटं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, भाजलेले पोहे हे सगळं टिकतं आणि पाणी मागत नाही. भांडी आधी कागदाने पुसून घ्या आणि कागद कचऱ्याच्या पिशवीत टाका, मग कपभर पाण्यात काम होतं. उरलेलं पाणी गाळून, पाणवठ्यापासून 200 फूट लांब पसरून टाका. खरकटं पुरू नका. कोल्हे आणि खारी उकरून काढतात. अन्न रात्री गाडीत बंद. उंदरांच्या लेंड्यांतून हंताव्हायरस पसरतो, त्यामुळे वाटेत दिसणाऱ्या जुन्या, पडक्या खोपटांत झोपण्याचा विचार मनातही आणू नका.

संडास

प्लायावर खड्डा करायचा नाही. तिथे काही कुजत नाही. विष्ठा घट्ट करणारी भुकटी असलेल्या पिशव्या मिळतात. त्या बादलीत लावा, वापरा, बंद करा आणि घरी आणा. माळावर माती मिळाली तर सहा ते आठ इंच खोल खड्डा, पाणी, वाट आणि तळापासून 200 फूट, म्हणजे सत्तर-ऐंशी पावलं लांब. कागद पुरायचा किंवा जाळायचा नाही, पिशवीतून परत आणायचा. बरोबर आई-वडील असतील तर घडीची खुर्ची-संडास आणि छोटा आडोशाचा तंबू न्या. संकोचामुळे पाणी कमी पिणारी माणसं दुसऱ्या दिवशी आजारी पडतात. पहिल्यांदाच येत असाल तर एक रात्र स्टीन्सच्या पश्चिमेला फ्रेंचग्लेनजवळच्या पेज स्प्रिंग्ज कॅम्पग्राउंडला काढा. तिथे पाणी आणि संडास दोन्ही आहेत.

शेकोटी

उन्हाळ्यात बहुतेक वेळा बंदी असते, आणि असावीच. चीटग्रास नावाचं परदेशी गवत सेजब्रशच्या मधल्या जागा भरतं आणि काडी लागली की भडकतं. गाडीखालचा, धूर शुद्ध करणारा तापलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही त्याला पुरतो. वाळक्या गवतावर गाडी कधीच उभी करू नका, आणि फावडं व पाच गॅलन पाणी हाताशी ठेवा. बंदी नसेल तर दगडांच्या जुन्या कड्यातच पेटवा, लाकूड जवळच्या गावातून आणा, सेजब्रश तोडू नका. राख हाताला थंड लागेपर्यंत पाणी घाला. कॅलिफोर्नियातून येताना तिथे मुक्काम केलात तर शेगडीसाठीसुद्धा मोफत कॅम्पफायर परमिट लागतं.

थोडक्यात काही गोष्टी

साप असतात, रॅटलस्नेक. दगडाखाली हात घालू नका, संध्याकाळी बूट घाला. चावला तर कापू नका, चोखू नका, बांधू नका. हात किंवा पाय स्थिर ठेवा आणि मदत मागवा. गरम झऱ्यांत हात घालण्याआधी तापमान मोजा. मिकी हॉट स्प्रिंग्जमध्ये भाजून मरण येऊ शकतं. ज्यात उतरता येतं तिथेही नाकात पाणी जाऊ देऊ नका. जुन्या खाणीत शिरू नका. ऑब्सिडियनचं बाणाचं टोक सापडलं तर बघा, फोटो काढा आणि जिथे होतं तिथेच ठेवा. ही उत्तरेकडच्या पायूट लोकांची भूमी आहे, आणि सरकारी जमिनीवरून पुरातन वस्तू उचलणं 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे. रात्री रस्त्यावर गायी बसलेल्या असतात, तेव्हा अंधारात गाडी चालवणं टाळा.

अडकलात तर

चाक रुतलं की ॲक्सिलरेटर सोडा. फिरवत राहिलात तर गाडी पोटावर बसते. टायरची हवा 18-20 पर्यंत उतरवा, चाकासमोरची माती फावड्याने उतरती करा, ट्रॅक्शन बोर्ड किंवा पायपुसणी चाकाखाली द्या आणि अगदी हळू, ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे या. तासाभरात जमलं नाही तर ऊन उतरेपर्यंत थांबा आणि घाम वाचवा.

तरीही निघाली नाही तर गाडी सोडू नका. शोधणाऱ्यांना विमानातून गाडी दिसते, माळावर चालणारा माणूस दिसत नाही. बॉनेट उघडं ठेवा, रंगीत चादर छतावर पसरा, सावली करा, उपग्रहावरून संदेश पाठवा आणि त्यात किती माणसं, किती पाणी आणि दुखापत आहे की नाही हे लिहा. राखीव कॅनची टेप आता काढायची.

निघताना

तळावरून एका रांगेत, हात-हात अंतरावर चालत जा आणि बाटलीचं झाकण, चिमटा, कागदाचा तुकडा जे दिसेल ते उचला. मोज्यांत आणि गाडीखाली अडकलेलं चीटग्रासचं बी तिथेच झटकू नका, कचऱ्याच्या पिशवीत टाका. टायरची हवा डांबर लागण्याआधी पुन्हा भरा, आणि बाजू हाताने चाचपून कुठे काप गेला आहे का ते बघा. नेटवर्क आलं की सगळ्यात आधी ज्याच्याकडे कागद ठेवला होता त्याला फोन करा.